जुन्या गाडीचे डिफरन्शियल : बेअरिंग नवी, क्राऊन-पिनियन जुनेच, मग दातांमधला प्ले कोणता ठेवावा?

धुरा (धागाकर्ता)

माझ्याकडे १९३४ साली बनलेली चार दारांची एक सलून गाडी आहे. तिचा मागचा ॲक्सल बँजो पद्धतीचा आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचे हाफ शाफ्ट (चाके फिरवणारे दांडे) ओढून घेतले आणि पुढचे बोल्ट काढले की क्राऊन (मोठे दातेरी चाक), पिनियन (त्याला फिरवणारे छोटे दातेरी चाक) आणि स्टार (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा छोट्या दातेरी चाकांचा संच) यांच्यासह संपूर्ण डिफरन्शियल एकाच नगात बाहेर येते. दात सर्पिल बेव्हल पद्धतीचे आहेत, हायपॉइड नाहीत. पिनियनला ९ आणि क्राऊनला ४१ दात आहेत.

गेल्या वर्षभरात ताशी ५० किलोमीटरच्या आसपास, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना, मागून एक बारीक आणि लांबलेला सूर ऐकू येऊ लागला. पाय उचलला की तो जवळजवळ नाहीसा होत असे आणि गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळत ठेवली की केवळ टायरचा आवाज उरत असे. चाकांची बेअरिंग खराब असती तर भार बदलल्याने आवाजात इतका फरक पडला नसता, म्हणून मी डिफरन्शियल उतरवण्याचे ठरवले. याखेरीज क्लच सोडताना मागून ‘ठक्’ असा आवाज येत असे आणि उजव्या मागच्या ब्रेक ड्रममध्ये तेल उतरत होते.

एकही नट सैल करण्यापूर्वी मी पुढील मापे घेतली. क्राऊनच्या दातांमधला प्ले (दातांमधली मोकळी हालचाल) डायल गेजने चार ठिकाणी मोजला, तो ०.२८, ०.३०, ०.३३ आणि ०.३० मिलिमीटर आला. गाडीच्या पुस्तिकेत हा प्ले ०.१३ ते ०.१८ असावा असे म्हटले आहे. पिनियन पुढे-मागे ०.०८ मिलिमीटर हलत होता, जो मुळीच हलायला नको. क्राऊनच्या मागच्या सपाट पृष्ठभागाची थरथर (फिरताना होणारी मागे-पुढे हालचाल) ०.०४ भरली. पिनियनच्या डोक्यामागच्या बेअरिंगच्या कपावर (बाहेरच्या कड्यावर) खवले निघाले आहेत आणि क्राऊनच्या दोन्ही बाजूंची बेअरिंगही थकली आहेत. क्राऊन-पिनियनचे दात मात्र गुळगुळीत आहेत. त्यांच्यावर खड्डे नाहीत, तडा नाही, फक्त झिजलेल्या पट्ट्याच्या कडेला नखाला जेमतेम जाणवणारी एक पायरी आहे.

या दोन चाकांची जोडी नव्वद वर्षे एकमेकींवर फिरली आहे आणि ती बदलण्याची माझी इच्छा नाही. प्रश्न असा आहे की नवी बेअरिंग बसवल्यावर प्ले पुस्तिकेप्रमाणे ०.१५ वर आणावा, की जुना ०.३० तसाच ठेवावा? पिनियनच्या डोक्यामागे १.०२ मिलिमीटरचा शिम (जागा जुळवणारी पातळ चकती) आहे. तोच परत बसवावा का?

सूक्ष्ममापी

उघडण्याआधी मापे घेतलीत हे फार चांगले झाले, कारण नंतर कितीही हळहळ केली तरी ती मापे परत मिळत नाहीत. तरीही ०.३० हा आकडा जसाच्या तसा दातांच्या झिजेचा समजू नका. तुम्ही मोजलेला प्ले हा तीन गोष्टींची बेरीज आहे : दातांची झीज, क्राऊनच्या बाजूच्या बेअरिंगमधील सैलपणा आणि पिनियनच्या बेअरिंगमधील सैलपणा.

यांपैकी क्राऊनचे आडवे सरकणे प्लेवर सर्वांत जास्त परिणाम करते. क्राऊन पिनियनपासून ०.१ मिलिमीटर दूर गेली तर प्ले साधारण त्याच्या तीन-चतुर्थांशाने वाढतो. पिनियन तेवढाच मागे-पुढे झाला तर प्लेमध्ये अगदी थोडा फरक पडतो, पण दातांवरचा ठसा (दात जिथे एकमेकांना टेकतात ती खूण) मात्र माथ्याकडे किंवा मुळाकडे चांगलाच सरकतो. त्यामुळे प्ले पाहून क्राऊनची जागा कळते, पिनियनची खोली मात्र ठशावरूनच कळते. ही दोन कामे एकमेकांत मिसळली की माणूस आठवडाभर शिम बदलत बसतो.

आता असे करा. जुनी बेअरिंग अजून जागेवर आहेत तोवर दोन्ही बाजूंचे खाचांचे रिंग नट हलक्या हाताने आवळून क्राऊनचा आडवा सैलपणा काढून टाका. तो काढताना फक्त दातांच्या विरुद्ध बाजूचा नट आत घ्या, म्हणजे क्राऊन पिनियनच्या दिशेने टेकेल. मग पिनियन हाताने आत ढकलून धरा आणि प्ले पुन्हा मोजा. माझ्या अंदाजाने आकडा ०.२० च्या जवळ येईल, आणि तोच या जोडीचा खरा प्ले असेल.

तुमच्या आवाजाचे कारणही यातच दिसते. सर्पिल दातांची दिशा अशी निवडलेली असते की गाडी पुढे ओढली जात असताना पिनियन क्राऊनपासून दूर ढकलला जातो आणि पाय उचलल्यावर आत खेचला जातो. ०.०८ च्या सैलपणामुळे तुमचा पिनियन प्रत्येक वेळी भार आल्यावर मागे हटत होता आणि दात माथ्यापाशी घासत होते. पाय काढला की तो आपल्या जागी येत होता आणि सूर थांबत होता.

आणखी एक गोष्ट, जी नंतर आठवून उपयोग नाही : बाजूच्या बेअरिंगवरच्या दोन्ही टोप्यांवर आणि त्यांच्या बुडाशी आत्ताच पंचाने खुणा करा. या टोप्या हाऊसिंगला लावूनच एकत्र बोअर केलेल्या असतात. डावी-उजवी बदलली किंवा उलटी बसली तर नवे बेअरिंगही वाकडे बसते.

चौथागिअर

मी थोडे वेगळे मत मांडतो. पुस्तिकेतला आकडा बनवणाऱ्याने विचार करूनच दिलेला असतो. दात झिजले म्हणून प्ले वाढला, आणि तो वाढलेला ठेवायचा म्हणजे झीज मान्य करून पुढे चालायचे. मी दोन ॲक्सल या पद्धतीने ०.१५ वर बसवले आहेत आणि दोन्ही चालले. शिवाय प्ले जास्त ठेवला तर क्लच सोडतानाचा ‘ठक्’ आवाज कसा जाणार?

लोहार्ग

चौथागिअर यांच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचा हिशोब करता येतो आणि तो केला की बराच गैरसमज दूर होतो.

क्राऊनचा व्यास साधारण २०० मिलिमीटर धरू. त्रिज्या १०० मिलिमीटर झाली. ०.२ मिलिमीटर प्ले म्हणजे क्राऊनवर ०.११ अंशाची हालचाल. पिनियन क्राऊनच्या ४.५६ पट फिरतो, म्हणून पिनियनच्या फ्लँजवर (इंजिनाकडून येणारा शाफ्ट जोडला जातो त्या तबकडीवर) ती अर्ध्या अंशाइतकी दिसते. आता आतल्या स्टारकडे पाहा. स्टारची छोटी चाके, त्यांच्या मागच्या चकत्या, मधली पिन आणि हाफ शाफ्टचे स्प्लाइन (टोकाच्या खाचा) मिळून अर्धा अंश सैल असतील, तर तोच अर्धा अंश फ्लँजवर ४.५६ पट होऊन सव्वादोन अंशांहून जास्त होतो. म्हणजे ‘ठक्’ आवाजात क्राऊन-पिनियनचा वाटा लहान असतो आणि स्टारचा मोठा. क्राऊन आवळून तो आवाज घालवण्याचा प्रयत्न करणे म्हणजे एका दाराची बिजागरी कुरकुरते म्हणून दुसऱ्या दाराला तेल घालणे आहे.

आता मुख्य मुद्दा. नव्या जोडीच्या बाबतीत चौथागिअर यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. नव्या जोडीवर कारखान्यात कोरलेला आकडा असेल तर तो, नसेल तर पुस्तिकेतला आकडा पाळलाच पाहिजे. जुन्या जोडीची गोष्ट निराळी आहे. त्या दातांवर झिजलेला एक पट्टा तयार झालेला असतो आणि त्याच्या कडेला न झिजलेली पायरी उभी असते, जी धागाकर्त्याच्या नखाला जाणवली. प्ले कमी करण्यासाठी क्राऊन पिनियनजवळ आणली की ठसा दाताच्या आतल्या अरुंद टोकाकडे आणि थोडा मुळाकडे सरकतो. तो झिजलेल्या पट्ट्यातून बाहेर पडतो आणि नेमका त्या पायरीवर चढतो. मग ०.१५ हा आकडा गेजवर सुरेख दिसतो, पण गाडी पहिल्या किलोमीटरपासून ओरडते, आणि त्या पायरीवर सगळा भार एकवटल्याने दाताची कड उडण्याची भीती असते. मी हे एकदा स्वतः करून बसलो आहे. तो ॲक्सल पुन्हा उघडून जुन्या जागी आणला, तेव्हा आवाज गेला.

जुन्या जोडीला नवी जागा शोधून देणे हे आपले काम नाही, बेअरिंग झिजण्यापूर्वी ती जिथे फिरत होती ती जागा तिला परत मिळवून द्यायची आहे. सूक्ष्ममापी यांनी सांगितलेला सैलपणा वजा केलेला प्ले हाच त्या जागेचा सर्वांत जवळचा पत्ता आहे.

चौथागिअर

हिशोब पटला. माझ्या दोन ॲक्सलपैकी एकाची जोडी नवीच होती हे मी लिहायला हवे होते. दुसरा जुन्या जोडीचा होता आणि तो चालतो, पण शांत चालतो असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

पहिलीखेप

मी या विषयात नवीन आहे आणि माझा स्वतःचा ॲक्सल अजून उघडलेला नाही. ठसा घेणे म्हणजे नेमके काय करायचे आणि तो वाचायचा कसा, हे कोणी समजावून सांगेल का?

सूक्ष्ममापी

क्राऊनचे आठ-दहा दात स्वच्छ पुसून त्यांवर मार्किंगचा लेप अगदी पातळ लावायचा. गडद निळ्यापेक्षा पिवळा किंवा पांढरा लेप तेलकट पोलादावर जास्त स्पष्ट दिसतो. मग क्राऊनला लाकडी पाचरीने थोडा अडसर देऊन पिनियन दोन्ही दिशांना फिरवायचा. अडसर महत्त्वाचा आहे, कारण मोकळ्या फिरणाऱ्या चाकांचा ठसा फिका आणि फसवा येतो.

दाताच्या बाहेरच्या रुंद टोकाला टाच, आतल्या अरुंद टोकाला अंगठा, वरच्या कडेला माथा आणि खालच्या भागाला मूळ म्हणू. गाडी पुढे ओढताना क्राऊनच्या दाताची फुगीर बाजू काम करते आणि पाय उचलल्यावर खोलगट बाजू. ठसा माथ्याकडे असेल तर पिनियन क्राऊनच्या मध्याकडे आत न्यायचा, मुळाकडे असेल तर बाहेर काढायचा. ठसा टाचेकडे असेल तर क्राऊन पिनियनच्या जवळ आणायची, अंगठ्याकडे असेल तर दूर न्यायची. पिनियन हलवला की प्ले थोडा बदलतो, म्हणून प्रत्येक वेळी क्राऊन पुन्हा जुळवून मगच पुढचा ठसा घ्यावा.

टेबलावर ठसा मध्यापासून किंचित अंगठ्याकडे आला तर तो चांगला समजावा. रस्त्यावर पूर्ण भार आला की हाऊसिंग आणि शाफ्ट अगदी थोडे वाकतात आणि संपर्क टाचेकडे सरकतो. टेबलावरच टाचेकडे असलेला ठसा भाराखाली दाताच्या कडेवर जातो. जुन्या जोडीच्या बाबतीत मात्र ठसा झिजलेल्या पट्ट्यात नीट बसतो का, हे मध्यापेक्षा जास्त महत्त्वाचे असते.

जोडीदंत

एक लहान भर घालतो. ९ आणि ४१ यांना सामाईक भाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला कधी ना कधी भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी पसरते. धागाकर्त्याला दात जुळवण्याच्या खुणांची काळजी करण्याचे कारण नाही. ज्यांच्या ॲक्सलमध्ये १० आणि ४० अशासारखी जोडी आहे, त्यांनी मात्र सुटे करण्यापूर्वी खुणा शोधाव्यात आणि नसतील तर स्वतः कराव्यात, कारण तिथे ठरावीक दातच ठरावीक दातांना भेटत राहतात.

आपल्या गाडीचे गुणोत्तर ठाऊक नसेल तर ॲक्सल न उघडताही ते काढता येते. मागची बाजू उचलून घोड्यांवर (पक्क्या स्टँडवर) भक्कम टेकवा, एक चाक घट्ट धरून ठेवा, दुसरे चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजा. तेवढेच गुणोत्तर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही हात घालू नये.

काशाचीचकती

स्टारविषयी कोणी सविस्तर लिहिले नाही म्हणून लिहितो. धागाकर्त्याने स्टारचा पिंजरा (त्याला धरणारे आवरण) नक्की उघडावा. उघडण्यापूर्वी पिंजऱ्याच्या दोन्ही अर्ध्यांवर समोरासमोर खुणा कराव्यात, कारण ते अर्धे एकत्र कातलेले असतात आणि दुसऱ्या छिद्रांत बसवले तर क्राऊनची थरथर वाढते. क्राऊनची थरथर ०.०४ भरली आहे, ती चांगली आहे, त्यामुळे क्राऊनचे बोल्ट गरज नसताना काढू नयेत.

चकत्या झिजल्या की काय होऊ शकते याचे सर्वांत गंभीर उदाहरण फोर्ड मॉडेल टीचे आहे. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या या गाडीच्या मागच्या ॲक्सलमध्ये थ्रस्टच्या (बाजूचा दाब झेलणाऱ्या) चकत्या बॅबिट या मऊ धातूच्या होत्या. वयोमानाने बॅबिट भुगा होऊन पडतो आणि त्याने रोखून धरलेली क्राऊन पिनियनपासून दूर सरकते. या गाडीचा पायाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समध्ये आहे. त्यामुळे दात सुटले की ओढ आणि पायाचा ब्रेक दोन्ही एकाच क्षणी जातात. म्हणूनच ही गाडी बाळगणारे लोक ॲक्सल उघडल्यावर बॅबिटच्या जागी ब्राँझच्या चकत्या घालतात. आपल्यापैकी कोणाकडे ही गाडी असेल आणि ॲक्सलमध्ये काय आहे हे ठाऊक नसेल, तर आवाज येण्याची वाट पाहू नये.

धुरा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांच्या कामाचा वृत्तांत देतो.

सूक्ष्ममापी यांच्या सांगण्याप्रमाणे सैलपणा काढून प्ले मोजला, तो ०.२१ भरला. पिंजरा खुणा करून उघडला. छोट्या चाकांच्या मागच्या चकत्या एका बाजूला कागदासारख्या पातळ झाल्या होत्या आणि मधल्या पिनेवर नखाला लागणारी खाच पडली होती. फिलर गेजने मोजलेली फट ०.५५ होती. फॉस्फर ब्राँझच्या नव्या चकत्या कातून घेतल्या आणि पिन नवी करून कठीण करून घेतली. आता फट ०.१५ आहे आणि चाके हाताने अडकाठीशिवाय फिरतात.

पिनियनच्या शिमबाबत सर्वांत जास्त वेळ गेला. जुने बेअरिंग कपासह सपाट प्लेटवर ठेवले, वर वजन देऊन वीस-पंचवीस फेरे फिरवले आणि उंची मोजली. नव्याचीही तशीच मोजली. नवे ०.०६ मिलिमीटरने उंच निघाले. माझ्या ॲक्सलमध्ये शिम पिनियनचे डोके आणि बेअरिंग यांच्यामध्ये आहे, म्हणजे बेअरिंग जितके उंच तितके डोके क्राऊनकडे जास्त आत जाते. तेव्हा जुनीच जागा हवी असेल तर शिम ०.९६ चा हवा. १.०२ चा शिम परत घातला असता तर पिनियन ०.०६ ने जास्त खोल गेला असता आणि मला कारणही कळले नसते.

वारंवार दाबून बसवणे-काढणे टाळण्यासाठी मी त्याच मापाच्या एका जुन्या कोनचे (बेअरिंगच्या आतल्या भागाचे) भोक आतून थोडे घासून सरकते केले, त्याची उंची नव्याशी ताडून पाहिली आणि चाचणीसाठी तेच वापरले. ०.९६ च्या शिमवर घेतलेला ठसा झिजलेल्या पट्ट्याच्या किंचित वर, माथ्याकडे आला. प्रथम मी गोंधळलो, कारण जागा जुनीच होती. नंतर लक्षात आले की ही जागा झिजलेल्या बेअरिंगची होती. बेअरिंग झिजताना पिनियन थोडा मागे हटला होता, आणि दातांवरचा पट्टा मात्र त्याआधीच्या दीर्घ काळात तयार झालेला आहे. ०.९९ चा शिम घातल्यावर ठसा पट्ट्यात अचूक बसला. दोन्ही बाजूंच्या कडा पायरीच्या आत राहिल्या.

प्ले आता चार ठिकाणी ०.२०, ०.२१, ०.२३ आणि ०.२१ आहे. बाजूच्या बेअरिंगचा सैलपणा पूर्ण काढून दोन्ही रिंग नट एकेक खाच जास्त आवळले, आणि त्यानंतर क्राऊन सरकवताना एका बाजूला जितक्या खाचा सैल केल्या तितक्याच दुसऱ्या बाजूला आवळल्या, म्हणजे आवळ बदलला नाही.

पिनियनच्या बेअरिंगचा आवळ मोजण्यासाठी फ्लँजवर दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने ओढली. फ्लँजची त्रिज्या ५ सेंटिमीटर आहे आणि एकसारखा फिरताना काटा २ किलो दाखवतो, म्हणजे सुमारे १ न्यूटन-मीटर. पुस्तिकेच्या मर्यादेत ते बसते. हे माप ऑइल सील न बसवता आणि बेअरिंगला तेल लावून घेतले आहे. पहिल्या धक्क्याचा आकडा धरला नाही.

आता तेल कोणते घालावे आणि सीलचे काय करावे, एवढे राहिले आहे.

सूक्ष्ममापी

०.९६ वरून ०.९९ वर जाण्याचे तुमचे तर्कशास्त्र अगदी योग्य आहे. आकड्यावर थांबून राहिला असता तर आवाज थोडा कमी झाला असता, पण गेला नसता. अंतिम जोडणीत चाचणीचा कोन चुकूनही आत राहू देऊ नका. खरा कोन दाबून बसवल्यावर ठसा एकदा पुन्हा घ्या.

तैलधारा

तेलाचा प्रश्न जुन्या ॲक्सलमध्ये समजून घेण्यासारखा आहे. पॅकार्डने १९१३ साली सर्पिल बेव्हल दात आणले आणि १९२६ मध्ये हायपॉइड. हायपॉइडमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली असतो, त्यामुळे दात एकमेकांवर लोळण्याबरोबरच लांबीच्या दिशेने जोरात घसरतात. त्या घसरणीत तेलाचा थर टिकवण्यासाठी गंधक आणि फॉस्फरसयुक्त द्रव्ये मोठ्या प्रमाणात लागतात, आणि जीएल-५ (गिअर तेलाच्या प्रतवारीतल्या) दर्जाच्या तेलात ती असतात. सर्पिल बेव्हलमध्ये अशी लांबीची घसरण जवळजवळ नसते. तुमच्या जोडीला तेवढ्या तीव्र तेलाची गरज नाही.

उलट, तुम्ही नुकत्याच फॉस्फर ब्राँझच्या चकत्या घातल्या आहेत. ही गंधकयुक्त द्रव्ये तेल तापल्यावर तांब्याच्या मिश्रधातूंवर हल्ला करू शकतात. म्हणून मी जीएल-४ दर्जाचे तेल सुचवतो, आणि पुस्तिकेत साधे खनिज तेल सांगितले असेल तर जीएल-१ दर्जाचे. दाटपणा पुस्तिकेत असेल तोच घ्यावा. अनेकजण गिअर तेलाचा ९० हा आकडा पाहून ते फार जाड आहे असे समजतात. ही मोजपट्टी इंजिन तेलापेक्षा वेगळी आहे आणि गिअरचे ९० इंजिनच्या ४० ते ५० च्या आसपास येते. ज्यांच्याकडे प्यूजो ४०४ सारखी वर्म (स्क्रूसारख्या पिनियनच्या) पद्धतीच्या ॲक्सलची गाडी आहे, त्यांनी तर बनवणाऱ्याने सांगितलेल्या तेलाव्यतिरिक्त काहीही घालू नये, कारण तिथे मोठे चाकच ब्राँझचे असते.

ब्रेकमध्ये तेल येण्याचे कारण सीलपेक्षा आधी हवेच्या छिद्रात शोधा. ॲक्सलच्या वर एक बारीक श्वसनछिद्र असते. ते चिखलाने किंवा रंगाने बुजले की ॲक्सल तापल्यावर आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून वाट काढते. तारेने ते मोकळे करा. सील चामड्याचे असेल तर कोमट तेलात रात्रभर भिजवून बसवा, कोरडे बसवलेले चामडे पहिल्याच फेऱ्यांत जळते. ज्या शाफ्टवर सील घासतो तिथे खाच पडली असेल तर नवे सीलही गळणारच, तेव्हा आधी तो भाग पाहावा. आणि तेल भरताना गाडी सपाट जागी ठेवून, पातळी छिद्राच्या खालच्या कडेशी स्थिर होऊ द्यावी. जास्त भरलेले तेलही ब्रेकमध्येच जाते.

धुरा (धागाकर्ता)

श्वसनछिद्र खरोखरच बुजलेले निघाले. कोणीतरी जुन्या रंगकामात त्यावरून रंग फिरवला होता. उजव्या शाफ्टवरची खाच घासून काढता येण्याइतकी उथळ होती.

जीएल-४ दर्जाचे तेल घालून पहिल्या दिवशी वीस मिनिटे संथ गाडी चालवली आणि उतरून हाऊसिंगला हात लावला. पिनियनच्या नाकाशी उबदार होते, पण हात टेकवून ठेवता येत होता. गाडी पूर्ण थंड होऊ दिली आणि मग पुन्हा चालवली. असे चार वेळा केले. आता साधारण ३०० किलोमीटर झाले आहेत. ताशी ५० चा तो सूर गेला आहे. ताशी ४० च्या आसपास पाय उचलल्यावर एक अगदी मंद गुणगुण ऐकू येते, जी पूर्वी त्या मोठ्या सुराखाली दबलेली असावी. खोलगट बाजूचा ठसा चांगला होता, म्हणून ती घालवण्यासाठी मी ॲक्सल पुन्हा उघडणार नाही. फ्लँजवरची एकूण मोकळीक सुमारे सात अंशांवरून अडीच अंशांवर आली आणि ‘ठक्’ आवाज बंद झाला. लोहार्ग यांचा हिशोब बरोबर ठरला, कारण क्राऊनचा खरा प्ले मी बदललेलाच नाही.

८०० किलोमीटरला तेल काढून त्यात कण आहेत का ते पाहीन आणि इथे लिहीन.

लोहार्ग

एक विनंती आहे. शिमची जाडी, चार ठिकाणचा प्ले, पिनियनचा आवळ आणि तेलाचा दर्जा कुठेतरी ॲक्सलसोबतच राहील अशा रीतीने नोंदवून ठेवा. वहीत लिहिलेले हरवते, आणि गाडी आपल्यापेक्षा जास्त जगते.

धुरा (धागाकर्ता)

पितळेच्या एका पट्टीवर ठोक्यांच्या अक्षरांनी कोरले : शिम ०.९९, प्ले ०.२० ते ०.२३, जुनी जोडी, तेल जीएल-४. पट्टी हाऊसिंगच्या वरच्या बोल्टखाली घट्ट बसवली आहे, जिथे डिफरन्शियल उतरवणाऱ्याचा पाना सर्वांत आधी लागेल.